सेल्फ मारा, मी ऐकतो

"सेल्फ मारा," मिस्त्री म्हणाले आणि बोनेटपासून दोन पावलं मागं सरले. गाडीच्या मालकांनी किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण जड, ओढून नेल्यासारखं, आणि दोनचार फेऱ्यांत थांबलं. "पुन्हा मारा." पुन्हा तेच. "आता हेडलाइट लावा आणि मारा." दिवे लागले. सेल्फ तसाच रखडला, पण दिव्यांचा उजेड फारसा उतरला नाही. मिस्त्रींनी मान हलवली. हातात अजून पाना नव्हता, स्क्रूड्रायव्हरही नव्हता.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं हे गॅरेज. समोरची प्रीमियर पद्मिनी ऐंशीच्या दशकातली, मालक निवृत्त शिक्षक, गडहिंग्लजच्या बाजूचे. तक्रार अशी की सकाळी गाडी एका हाकेत सुरू होते. पन्नास-साठ किलोमीटर चालवून चहाला थांबलं की मग काही केल्या होत नाही. तासाभरानं गार झाली की आपोआप होते. एवढ्यापायी बॅटरी नवी झाली, प्लग नवे झाले, कॉइल नवी झाली, कार्बोरेटर दोनदा खोलून साफ झाला. तक्रार होती तिथंच आहे.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'दुरुस्ती' हा विषय सुचवला, तेव्हाच मनात आलं की लिहायचं ते दुरुस्तीच्या आधीच्या वेळेबद्दल. नेमकं काय बिघडलंय, हे कळेपर्यंतची ती वेळ. गाडी सुरू न होण्याची कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, पण वेगवेगळी कारणं एकसारखीच लक्षणं दाखवतात. म्हणून मिस्त्रीची पारख त्यानं किती भाग बदलले यावरून करू नये. काही न बदलता त्यानं किती कारणं बाद केली, ते पाहावं.

कुर्ल्याची गाडी

निदान शिकायला पद्मिनीसारखी गाडी नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर, पेट्रोलचा एक यांत्रिक पंप. बोनेट उचललं की सगळं नजरेसमोर, आणि प्रत्येक भागापर्यंत हात पोचतो. कॉम्प्युटर नाही, त्यामुळे काय चुकलंय हे सांगणारा दिवाही नाही.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्या जुळवल्या गेल्या, पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि फियाट ११०० इथं बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. गावोगावचे लोक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती अख्ख्या देशाला माहीत झाली. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यानं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली.

खाजगी पद्मिनी मात्र अजून आहेत. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करत लोक त्या सांभाळतात. २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, पण त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या अजून त्या मानाच्या पंगतीत बसत नाहीत आणि रोजच्या कामाच्याही राहिलेल्या नाहीत. त्यांना जिवंत ठेवतात ते मालकांचा जीव आणि असे मिस्त्री.

आवाजांची वाटणी

मिस्त्री आधी ऐकतात, कारण किल्ली फिरवल्यावर जे ऐकू येतं त्यातच निम्मी कारणं गळून पडतात.

काहीच आवाज आला नाही, तर सेल्फपर्यंत करंटच पोचत नाही. एकदाच 'टक्' झालं आणि पुढं काही नाही, तर सोलेनॉइड, म्हणजे सेल्फचा चुंबकी स्विच, ओढलं गेलं, पण मोटर फिरवण्याइतका करंट मिळाला नाही. 'टकटकटक' अशी झड लागली, तर बॅटरी बसली आहे: सोलेनॉइड ओढलं जातं, व्होल्टेज कोसळतं, सुटतं, परत ओढलं जातं. इंजिन जड फिरलं, तर बॅटरी, जोड किंवा खुद्द सेल्फ यांपैकी कुठंतरी अडलंय. आणि इंजिन झटझट फिरतंय पण पेट घेत नाही, तर सेल्फचा काही दोष नाही. मग करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन या तिघांकडं जायचं.

गडहिंग्लजकर गुरुजींच्या गाडीत सेल्फ जड होता, पण दिवे उजळच होते. बॅटरी खरोखर बसलेली असती तर सेल्फ मारताना दिवे पार मिणमिणले असते. मिस्त्रींनी व्होल्टमीटर बॅटरीला लावला आणि सेल्फ मारायला सांगितलं. काटा अकराच्या आसपास टिकला. "बॅटरी चांगली हाय, गुरुजी. उगाच बदलली." बॅटरीत ताकद आहे आणि सेल्फपर्यंत ती पोचत नाही, एवढं पाच मिनिटांत ठरलं.

मग त्यांनी चोकचा नॉब ओढला आणि सेल्फ चालू असताना बोनेटखाली जाऊन चोकच्या तारेच्या वेष्टणावर बोट ठेवलं. आम्हालाही ठेवायला लावलं. तार कोमट होती. इंजिन बंद पडून बराच वेळ झाला होता, आणि चोकच्या तारेनं तापण्याचं काही कारण नव्हतं.

सेल्फ सुरू होताना शंभर-दोनशे अँपियर करंट खातो. बॅटरीतून तो जाड तारेनं सेल्फकडं जातो, आणि परत येताना इंजिनमधून, इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या विणलेल्या अर्थ पट्टीतून बॉडीकडं आणि तिथून बॅटरीकडं येतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असल्यामुळे ही पट्टी हाच त्याचा हक्काचा परतीचा रस्ता. ती गंजली की करंट दुसरी वाट धरतो: चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरची तार, जे धातूचं मिळेल ते. त्या बारीक तारा एवढा भार पेलू शकत नाहीत म्हणून तापतात. मिस्त्रींनी व्होल्टमीटरचं एक टोक इंजिनच्या नागड्या धातूवर आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवलं. सेल्फ मारल्यावर तिथं काटा जेमतेम हलायला हवा. तो दोन व्होल्टच्या पुढं गेला.

पट्टी काढली तर वरून चांगली दिसत होती. बोल्टच्या खाली मात्र हिरवा-पांढरा गंज, आणि मध्येच विणलेल्या तारांतल्या बऱ्याचशा तुटलेल्या.

करंट

नवी पट्टी, पॉलिश पेपरनं घासलेले बोल्ट. सेल्फ असा फिरला की गुरुजींना हसू आवरेना. गाडी सुरू झाली. माझ्या हिशेबी काम संपलं होतं. मिस्त्री मात्र गाडी घेऊन सांगली फाट्यापर्यंत फेरी मारून आले, बोनेट मिटून दहा मिनिटं उभी केली, आणि पुन्हा सेल्फ मारायला लावला. इंजिन झटझट फिरलं, पण सुरू झालं नाही.

हे समजायला १९१२ सालापर्यंत मागं जावं लागेल. त्याआधी गाडी सुरू करायची ती पुढून हँडल मारून. जुने जीपचालक अजून सांगतात की हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनानं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. त्या साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक गाड्यांना विजेवरचा सेल्फ आला, तो चार्ल्स केटरिंग या अभियंत्यानं केलेला. त्याच्या थोडं आधी याच माणसानं बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी ठिणगीची रचना बसवली होती. पद्मिनीच्या बोनेटखाली त्याची ही दोन्ही कामं शेजारी शेजारी आहेत.

बॅटरीच्या बारा व्होल्टवर प्लगमधून ठिणगी उडत नाही. त्याला हजारो व्होल्ट लागतात. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे खूप वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना जाड वेढ्यांत करंट वाहतो आणि चुंबकत्व तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व एकदम कोसळतं आणि बारीक वेढ्यांत प्रचंड व्होल्टेज उभं राहतं. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर पॉइंट १६०० वेळा उघडतात आणि मिटतात. ते उघडतात त्या क्षणी करंट मधल्या फटीतून उडी मारू पाहतो. त्याला सामावून घेतो तो कंडेन्सर, बोटाच्या पेराएवढी पत्र्याची डबी. कंडेन्सर बिघडला की पॉइंटवरच ठिणग्या उडतात, चुंबकत्व हळूहळू उतरतं, आणि प्लगला मिळते ती पिवळी, मरतुकडी ठिणगी.

मिस्त्रींनी कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणातून उपसली, इन्सुलेशनच्या पकडीनं इंजिनच्या धातूपासून थोड्या अंतरावर धरली. सेल्फ मारला. ठिणगी आली, पण पिवळट आणि अधूनमधून चुकणारी. चांगली ठिणगी निळी असते आणि तिचा चटचट आवाज लांबूनही ऐकू येतो. टोपण काढून पॉइंट पाहिले तर एका बाजूला खड्डा पडलेला, दुसरीकडं उंचवटा चढलेला. कंडेन्सरची क्षमता बिघडली की धातू असा एका टोकावरून दुसऱ्यावर जातो.

पेटीतून त्यांनी एक काळपट कंडेन्सर काढला, चिमटा लावलेल्या वायरीचा. जुना कंडेन्सर सोडवून हा तात्पुरता बाहेरून कॉइलला जोडला, त्याची डबी इंजिनाला टेकवली. ठिणगी निळी झाली. टोपण बसवलं आणि गरम गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

गार असताना आतला इन्सुलेशनचा थर ठीक काम करतो, तापला की गळू लागतो: हा कंडेन्सरचा नेहमीचा आजार, म्हणूनच तासाभरानं गाडी आपोआप सुरू व्हायची. त्यात गंजलेल्या पट्टीची भर. कॉइलचा करंटही पॉइंटमधून इंजिनात आणि त्याच पट्टीतून परत जातो, म्हणजे सेल्फ मारताना कॉइललाही व्होल्टेज कमी मिळत होतं. सेल्फ स्वतः तापलेला असेल तर तांब्याचा अवरोध वाढतो. पन्नास अंशांनी तापलं तर साधारण पाचव्या हिश्शानं. तीन कमजोऱ्या एकत्र आल्या की खरी कुठली ते ओळखणं कठीण. प्लग, कॉइल बदलणाऱ्यांना आणि कार्बोरेटर खोलणाऱ्यांना म्हणून काही सापडलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग थांबून पाहायचं, एवढी शिस्त त्यांनी पाळली असती तर निदान त्या गोष्टी निर्दोष आहेत हे तरी कळलं असतं.

घाटातलं पेट्रोल आणि कोकणातला ओलावा

करंट ठीक असेल तर पाळी पेट्रोलची. अनेक फेरे सेल्फ मारल्यावर प्लग काढायचा. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. मग कार्बोरेटरकडं जाणारी नळी सोडवून बाटलीत धरायची. सेल्फ मारला की पंपानं पेट्रोल उसळत पाठवायला हवं. पंप इंजिनाच्या कॅमवर चालतो, आतला रबरी डायफ्राम वर-खाली होतो. डायफ्रामला चीर गेली की पेट्रोल येणं मंदावतं, कधी ते थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलची पट्टी काढली की मिस्त्री आधी वास घेतात.

एप्रिल-मे महिन्यात खंबाटकी किंवा पसरणी घाट चढून आल्यावर गाडी बंद केली की इंजिनाची उष्णता वर येते आणि नळीतलं, पंपातलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. वाफ ओढून पंपाला काही हाती लागत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटरवर, तिथं हवेचा दाब कमी म्हणून पेट्रोलही लवकर उकळतं. त्यावरचा जुना इलाज अजून चालतो: ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि वाट बघायची. कार्बोरेटरच्या फ्लोटमधलं पेट्रोल उतू जाऊन इंजिन पेट्रोलनं भरलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारायचा. पुन्हा पुन्हा दाबत राहिलं तर आणखी पेट्रोल आत जातं, आणि घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो.

कोकणात उतरलं की वेगळीच तऱ्हा. जूनमध्ये रात्रभर पाऊस झाला की डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात आतून दव जमतं. हजारो व्होल्टला तेवढा ओलावा पुरतो. ठिणगी प्लगपर्यंत न जाता टोपणाच्या आतल्या पृष्ठावरून इंजिनात उतरते. एकदा असं झालं की तिथं कोळशाची बारीक रेघ उमटते, आणि मग कोरड्या हवेतही करंट त्याच रेघेनं जातो. टोपण उन्हाकडं धरून तिरपं फिरवलं की ती रेघ दिसते. मुंबईच्या टॅक्सींनी याचा पुरता अनुभव घेतला. त्या सीएनजीवर गेल्या तेव्हा दुखणं वाढलं, कारण सीएनजी पेटवायला ठिणगीचं व्होल्टेज जास्त लागतं, आणि पेट्रोलवर खपून जाणारी कच्ची वायर गॅसवर लगेच उघडी पडते.

उसाचं पेट्रोल

उद्यमनगरात सध्या सर्वांत जास्त बोललं जातं ते इथेनॉलबद्दल. २०२२ च्या जूनपर्यंत देशात पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. २०२३ पासून वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि आता तेच सर्रास मिळतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या हे इथेनॉल बनवतात. ऊस उत्पादकाला त्यातून बिल वेळेवर मिळावं ही अपेक्षा रास्त आहे, आणि या भागात राहून त्याविरुद्ध बोलायला माझी जीभ उचलत नाही. पण पद्मिनीचे रबरी पाइप आणि डायफ्राम ज्या काळात ठरले त्या काळात इथेनॉल कोणाच्या गावीही नव्हतं. ते जुनं रबर फुगवतं, मऊ करतं. टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं जिथून नळी पेट्रोल उचलते तिथं.

सुरू होण्यावरही परिणाम आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ. म्हणजे त्याच जेटमधून आलेलं वीस टक्के इथेनॉलचं मिश्रण इंजिनाच्या दृष्टीनं पातळ पडतं. शिवाय इथेनॉलचं बाष्प व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी गार इंजिन पेट घ्यायला कुरकुरतं. मिस्त्रींचे उपाय साधे: इथेनॉल चालणारे पाइप घालायचे, डायफ्राम बदलायचा, जेट एक पायरी मोठा करायचा, आणि गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी जवळजवळ भरून ठेवायची, म्हणजे आत ओलसर हवेला जागा कमी राहते. आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं. अशा वेळी सेल्फला राबवण्याआधी पंपाचा छोटा दांडा हातानं हलवून पेट्रोल वर आणायचं.

पेटीतला जुना कंडेन्सर

गुरुजींसाठी नवा कंडेन्सर बसवायचा तर मिस्त्रींनी दुकानातून तीन आणवले आणि तिन्हींचीही गाडी तापवून परीक्षा घेतली. एक परत गेला. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पद्मिनीचे भाग अजून मिळतात, पण नवं म्हणजे चांगलं हे गृहीत धरता येत नाही. म्हणून चालत्या गाडीतून काढलेले, खात्रीचे पॉइंट, रोटर, कंडेन्सर पेटीत जपलेले असतात. संशय असलेल्या भागाच्या जागी खात्रीचा भाग लावून बघणं, हीच त्यांची प्रयोगशाळा. नवा, न पारखलेला भाग लावून काही कळत नाही, कारण त्यालाही दोष असू शकतो.

पॉइंटही नवे बसवले होते. निघताना त्यांनी गुरुजींना बजावलं, "पाचशे किलोमीटर झालं की पॉइंटची गॅप परत बघून घ्या. नवीन पॉइंटचं टोक घासून बसतंय, गॅप कमी हुत्या." गॅरेजच्या कार्डाच्या मागं तारीख आणि किलोमीटर लिहून दिले.

मुद्दाम बिघडवलेली गाडी

गॅरेजच्या मागच्या अंगणात इंजिन आणि डॅशबोर्ड लोखंडी चौकटीवर बसवलेली एक अर्धी पद्मिनी आहे. आयटीआयमधून येणाऱ्या मुलांना मिस्त्री त्यावर शिकवतात. रात्री ते स्वतः तिच्यात बिघाड करून ठेवतात. पॉइंटच्या मध्ये सिगारेटच्या पाकिटातला कागदाचा तुकडा. कॉइलची वायर आतून तुटलेली, वरून धड. फ्लोटची सुई अडकवलेली. दोन प्लग वायरींची अदलाबदल, म्हणजे १-३-४-२ हा ठिणगीचा क्रम बिघडतो आणि कार्बोरेटरमधून फटाका फुटतो.

सकाळी मुलांना मिळतं ते एवढंच: एक बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी, एक स्क्रूड्रायव्हर, एक पाना, एक रिकामी बाटली. नवा भाग मागायचा नाही. प्रत्येक तपासणीआधी मोठ्यानं सांगायचं की आता काय बघतोय आणि तसं निघालं तर काय बाद होईल. न सांगता हात घातला की थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून.

मी बसलो होतो त्या सकाळी दोघं मुलं होती. एकानं बल्ब कॉइलच्या टोकाला लावला, सेल्फ मारताना तो लुकलुकायला हवा होता, एकसारखा पेटलेलाच राहिला. "पॉइंट मिटतच न्हाईत," तो म्हणाला. टोपण काढलं, कागद निघाला. त्यानं कागद वर धरून दाखवला, टोपण बसवलं आणि सेल्फ मारला. ठिणगी निळी, इंजिन मात्र गप्प. मिस्त्री स्टुलावरून हलले नाहीत. आता ते नेहमी दोन बिघाड करून ठेवतात, कारण एकच ठेवला की पोरं पहिलं कारण सापडताच शोधायचं थांबतात. दुसऱ्या मुलानं प्लग काढला, कोरडा होता. तो पंपाच्या नळीकडं वळला आणि बाटली हातात घेऊन मोठ्यानं सांगू लागला, की इथं पेट्रोल आलं तर टाकी, नळी आणि पंप बाद, मग उरतो कार्बोरेटर.